पट्टा घसरला नव्हता

प्रिय फुंक्या,

पाकीट जाड दिसतंय म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत, कुणालाही काही झालेलं नाही. फोन सोडून पत्र कशाला, हे विचारायचा हक्क मात्र तुला नाही. फोनवर मी आत्याचं नाव काढलं की तुझ्या दारावर लगेच कुणीतरी येतं, नाहीतर गॅसवरचं दूध उतू जातं. इतकं दूध उतू जाणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. तेव्हा आज सुट्टीच्या दुपारी, एका हाताशी चहा आणि समोर खिडकीत वाळत घातलेले मोजे, अशा थाटात लिहायला बसलेय. मध्येच उठायचं नाही. शेवटपर्यंत वाच आणि मग काय रागवायचं ते रागव.

बातमी ही की आपल्या आत्याची कॅसेट निघतेय. म्हणजे निघत होती. सगळी गाणी तयार आहेत, वरचं कव्हर छापून आलंय, आणि बी बाजूच्या शेवटच्या गाण्यापायी गाडं अडलंय. आत्या म्हणते ते गाणं आहे तसंच जाईल, नाहीतर काहीच जाणार नाही. कॅसेट काढणारा म्हणतो, आहे तसं गेलं तर लोक कॅसेट परत आणून त्याच्या तोंडावर मारतील. महिनाअखेरपर्यंत तो थांबणार आहे, नंतर कारखान्यातली आपली पाळी तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल. या दोघांच्या मध्ये मी. बटणं माझ्याकडे आहेत म्हणजे उपायही माझ्याकडेच असणार, अशी दोघांची पक्की समजूत आहे.

कॅसेट काढणाऱ्याला मी दाढीवाला म्हणते, तोंडावर नाही. त्याची कंपनी म्हणजे तो, त्याची दाढी आणि एक कपाट. कॅसेटी आता परत चालायला लागल्यात, तुला ठाऊक असेल. ज्यांच्या जन्माआधी त्या बंद पडल्या तीच मुलं त्या हौसेने घेतात. हा दाढीवाला आत्याकडे पँट आखूड करून घ्यायला गेला होता. आत्या शिलाई मशीनवर बसलेली, आणि तिचं मशीन चालू म्हणजे गाणं चालू. हा पँट हातात धरून उंबऱ्यातच उभा राहिला. गाणी कुणाची म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, कुणाची म्हणजे, माझीच, गिऱ्हाइकाची असती तर घडी घालून ठेवली असती. तो पँट द्यायची विसरूनच गेला म्हणतो. अजून त्याच्या पँटचे पाय जमीन झाडत असतात, म्हणजे खरं असणार.

आत्याने ना लाजून दाखवलं, ना आढेवेढे घेतले. तिने अटी घातल्या. पहिली, निघाली तर कॅसेटच निघाली पाहिजे, कारण स्वयंपाकघरात फळीवर तिच्याकडे तेच यंत्र आहे, आणि स्वतःचं गाणं स्वतःला ऐकता येणार नसेल तर ते काढायचं कशाला? दुसरी, रेकॉर्डिंग तिच्याच खोलीत, दुपारी, गिऱ्हाइकं नसताना. तिसरी अट माझ्यासाठी होती. मी तिथे यायचं नाही. मी समोर असले की ती माझ्या तोंडाकडे बघत बसते आणि मी तोंड वाकडं केलं की तिचा सूर जातो, असं ती म्हणाली. मी कधी तोंड वाकडं केलंय? पण आत्याशी वाद घालणारे आपल्या घरात एकच होते आणि ते आता दूरच्या गावी बसून हे पत्र वाचतायत. तेव्हा दाढीवाला आपलं जुनं टेपमशीन घेऊन जायचा, शेजारचे पोस्टातले काका गिटार घेऊन जायचे, आणि माझ्याकडे नुसत्या फिती यायच्या.

तू मला नेहमी चिडवतोस की गाणारे गातात, वाजवणारे वाजवतात आणि ताई नुसती बटणं पिळून पगार घेते. आज जरा ऐकून घेच. झालेलं रेकॉर्डिंग आणि दुकानातली कॅसेट यांच्या मधलं शेवटचं माणूस मी. माझ्यानंतर फक्त कारखाना, आणि तिथे कुणी ऐकत नाही, नुसतं छापतात. कॅसेटची फीत फार नाजूक पोटाची असते. आवाज मोठा भरला तर तिला बाधतो, तो फाटतो. हळू भरला तर तिची स्वतःची खरखर गाण्याच्या डोक्यावर येऊन बसते. खर्ज जास्त झाला की सगळं गढूळ, आणि तारस्वर तर ती अर्धे गिळूनच टाकते. म्हणून आधीच अंदाज घेऊन कुठे थोडं वाढायचं, कुठे हात आखडायचा, म्हणजे तिने गिळून उरलेलं नेमकं आपल्याला हवं तसं राहील. गाण्यांचा क्रमही मलाच लावावा लागतो. ए बाजू किंचित लांब ठेवायची, म्हणजे ती संपल्यावर ऐकणाऱ्याला कोरी फीत फिरवत बसावं लागत नाही, कॅसेट उलटली की लगेच पुढचं गाणं. हे सगळं केल्यावर अख्खी कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकायची. यात घाई चालत नाही, आणि म्हणूनच मला हे काम आवडतं.

आत्याच्या फितींनी मला मजा दाखवली. तिला पुढचे दोन दात नवे बसवलेत, फार ऐटीचे आहेत. पण त्यांतून तिचा प्रत्येक 'स' आणि 'श' शिट्टी मारत बाहेर पडतो, आणि फितीचं 'स' शी पहिल्यापासूनच वाकडं. पहिलं गाणं मी टेपवर उतरवलं तेव्हा आत्या गातेय की कुकर लागलाय ते कळेना. तिला भीत भीत विचारलं, जरा जिभेला आवर घालून गाता येईल का? तर म्हणाली, दात काढून ठेवते आणि गाते, मग कव्हरवर फोटोही तसाच छापा. शेवटी एकेक 'स' हाताने दाबत बसले. ते झाल्यावर कॅसेट तिच्या फळीवरच्या यंत्रात घालून ऐकवली, तर म्हणाली, मी रजईखालून गातेय का? तिच्या यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत जिथे घासून वाजते तिथे, एवढी धूळ होती की तीत भाजी पेरता आली असती. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पुन्हा लावलं. मग तिने ओट्याला टेकून दोन्ही बाजू उभ्याने ऐकल्या आणि कॅसेट पदराने पुसून डबीत ठेवली. मला तेवढ्यात सगळं मिळालं.

शेवटचं गाणं त्यात नव्हतं, ते तिने मागून दिलं. पोस्टातल्या काकांना सांगितलं, ह्या गाण्याला तुम्ही येऊ नका. काका बिचारे अजून विचारतायत की आपलं काय चुकलं. दाढीवाल्याला सांगितलं, मी हात खाली करेपर्यंत यंत्र बंद करायचं नाही. गाणं कुठलं ते तू ओळखलं असशील. खिडकीचं. आई गेल्यावर आत्या आपल्याकडे राहायला आली आणि आपल्याला झोप यायची नाही, तेव्हा तिने रचलेलं. मी त्यावर झोपायची आणि तू जागा राहून ते पाठ करायचास. तिच्या तोंडून ऐकून ऐकून तू क्लॅरिनेटवर पहिलं काढलंस तेही तेच, आणि भिंतीपलीकडच्या बाईंनी आपल्या घरात बदक पाळलंय का म्हणून विचारलं होतं.

फीत आली आणि तिच्या मागोमाग दाढीवाला आला, तोंड पाडून. म्हणाला, ताई, गाण्यात दोन दोष आहेत. एक, मध्यावर आवाजच गेलाय, लांबलचक भोक पडलंय. दोन, भोकानंतर गाणं जोरात पळतंय. मग खुर्चीत अवघडून बसत हळूच म्हणाला, या वयात शब्द विसरतात माणसं, आपण तेवढं कापून जोडून टाकू, त्यांना कळणारही नाही. मी ऐकलं. आत्या नेहमीच्या संथ लयीत दोन कडवी गाते आणि मग गप्प. इतका वेळ गप्प, की मीही मशीन बंद पडलं की काय म्हणून बघितलं. नंतर एकदम शेवटचं कडवं, आणि ते खरंच पळत होतं. तुझ्यापासून कशाला लपवू, आत्या विसरायला लागली तर मी काय करायचं, हा एकच विचार डोक्यात.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तिच्याकडे गेले. बोलता बोलता म्हटलं, ते खिडकीचं गाणं पूर्ण कसं गं? तिने सुई न थांबवता सगळं म्हणून दाखवलं, कॅसेटमध्ये न घेतलेलं कडवंसुद्धा. वर माझ्या कुडत्याची शिवण उसवल्याचं सांगितलं, ती मागच्या वेळीही उसवलेलीच होती हेही सांगितलं, आणि मी वाळलेय की नुसती दमलेय याची चौकशी केली. तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, निर्धास्त राहा. मग मी सरळच विचारलं, मध्ये गप्प का बसलीस? म्हणाली, तिथे माझं काम नाही. कापून जोडू का म्हटलं, तर तिने चष्म्यावरून असं बघितलं की मी पुन्हा शाळेत गेले. म्हणाली, कापायला ते कापड आहे का? आणि कापडसुद्धा मी असं मधूनच कापत नाही.

तिथे तिचं काम नाही म्हणजे कुणाचं आहे, ते मला त्या क्षणी कळलं, आणि तुलाही आता कळलं असेल. दूध उतू जात असेल तर जाऊ दे. तुम्ही दोघं ते गाणं नेहमी तसंच करायचात. दोन कडवी ती, मग ती थांबायची आणि एक अख्खं कडवं तू वाजवायचास, मग शेवटचं पुन्हा ती. त्या हॉलमधल्या कार्यक्रमापर्यंत. मी त्या दिवशी आवाजाच्या टेबलावर बसले होते, म्हणून मला सगळं तुमच्यापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू आलं. तू लय पुढे ओढत होतास, ती मागे खेचत होती. मग तिने गाणं मध्येच थांबवलं आणि माइक तोंडापुढे असतानाच म्हणाली, तुला बस गाठायची असेल तर गाठ, मी गायला आलेय. लोक हसले. तू सगळ्यांदेखत क्लॅरिनेट सुटी केलीस, पेटीत ठेवलीस, पेटी लावलीस आणि खरंच जाऊन बस गाठलीस. तुझं म्हणणं, इतकं संथ घेतलं की लोक जांभया देतात. तिचं म्हणणं, गाणं झोपवायलाच रचलंय, लोकांनी जांभया दिल्या म्हणजे ते जमलं. यावर कोण काय निकाल देणार? मी दिला नाही, आजही देत नाही. पण तिने लोकांपुढे तसं बोलायला नको होतं, एवढं मला तेव्हाही वाटलं होतं.

भोकाचा उलगडा झाला, पळण्याचा होईना. आम्हा फितीवाल्यांना एक खोड असते. गाणं पळायला लागलं की आम्ही गाणाऱ्याकडे बघत नाही, स्क्रूड्रायव्हर शोधतो. या जुन्या मशीनच्या पोटात मोटारीपासून चाकापर्यंत एक रबरी पट्टा असतो. तो सैल पडून घसरायला लागला की फीत कधी रेंगाळते, कधी पळते. दाढीवाल्याचं मशीन म्हाताऱ्या घोड्यासारखं, तेव्हा माझी खात्रीच झाली. त्याला ते घेऊन यायला लावलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडलं, एकेक भाग काढून पुसला. पट्टा कोरा करकरीत. दाढीवाला म्हणाला, गेल्या महिन्यातच बदललाय, तुम्ही विचारलंच नाही. तरी मी तो काढला, ताणून बघितला, दुसरा घालून बघितला. मग डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. फितीचा वेग बिघडला असता तर लयीबरोबर सूरही चढला असता, आत्याचा आवाज बारीक झाला असता. सूर लावून बघितला, तर जिथल्या तिथे. म्हणजे यंत्राने काहीच केलं नव्हतं. उरलेलं कडवं आत्या स्वतः पळवत होती. जिने आयुष्यभर त्या गाण्याला एक पाऊल पुढे टाकू दिलं नाही, ती.

आता हे पत्र का लिहिलं ते. परवा सकाळी मी ती मधली रिकामी जागा घेऊन बसले. रिकाम्या जागेचा आवाज आमच्यात कुणी वाढवत नाही, ती दाबायची असते. मी वाढवला, जेवढा वाढेल तेवढा. आधी नुसती खरखर आली. मग खुर्चीचं करकरणं, लांबवर कुणाचा तरी हॉर्न, आणि त्याच्या खाली आत्याची टाच. ती अनवाणी बसली होती आणि फरशीवर ठेका देत होती. मी बोटाने टेबलावर धरत गेले. आधी ठेका तिचा होता, संथ. मग तो हळूहळू पुढे सरकला, आणखी सरकला, आणि हॉलमध्ये तू जी लय मागत होतास ना, तिच्यावर येऊन स्थिर झाला. शेवटचं कडवं तिने तिथूनच उचललंय. मला रडू आलं, दाढीवाल्यासमोर आलं, तो पाणी आणायला पळाला. आत्याला हे पत्र ठाऊक नाही, आणि तू विचारलंस तर ती म्हणेल पायाला मुंग्या आल्या होत्या. तू तुझ्या खोलीत वाजवून पाठवलंस तरी मला जोडता येईल, हे मी तुला सांगणार नव्हते, पण खोटं बोलायची मला सवय नाही. तरी तू ये. तिच्या खोलीत, दुपारी, गिऱ्हाइकं नसताना, महिना संपायच्या आत ये. ती जागा मी मोजली आहे, फुंक्या. ती एका कडव्याएवढी नाही, थोडी जास्त आहे. तू शेवटची ओळ नेहमी परत घ्यायचास, आणि ती तुला दर वेळी ओरडायची. तेवढं धरून ती थांबली आहे.

तुझीच,
ताई